मुंबई ते लंडन : अंतर आणि अवधी

मुंबई आणि लंडन यांच्यातील हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. हे अंतर बृहद्‌वृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून जाणारे प्रतल तिच्या पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटवते त्यावर, मोजलेले असून दोन स्थळांमधला तोच सर्वांत जवळचा मार्ग असतो. ही रेषा सौराष्ट्रावरून निघून कराचीच्या आसपास सिंध ओलांडते आणि पुढे इराण, कॅस्पियन समुद्र, युक्रेन, पोलंड असे प्रदेश मागे टाकीत इंग्लंडला पोहोचते. प्रवासाला लागणारा वेळ मात्र या रेषेवर क्वचितच ठरला. यंत्राची ताकद आणि वाटेतल्या राज्यांची परवानगी या दोन गोष्टींनी तो ठरवला, आणि यंत्राने वाचवलेला वेळ परवानगीने पुन्हा खर्ची घातला, असे अनेकदा घडले.

१८३० साली मुंबईहून सुएझला गेलेल्या ‘ह्यू लिंडसे’ या आगबोटीला एडनपर्यंत पुरेल एवढा कोळसा न्यायचा म्हणून उतारूंच्या खोल्याही कोळशाने भराव्या लागल्या होत्या. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर आफ्रिकेचा वळसा टळला आणि चार हजारांहून अधिक सागरी मैल वाचले.

विमानाने सुरुवातीला वेळ वाचवण्याचे काम अर्धवटच केले. ३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजने लंडन-कराची सेवा सुरू केली तेव्हा प्रवासाला सात दिवस लागत, आणि त्यातही इटलीच्या हवाई हद्दीचा प्रश्न सुटलेला नसल्यामुळे बाझेल ते जिनोआ हा टप्पा चक्क आगगाडीने पार करावा लागे. पुढे इराणनेही आपल्या किनाऱ्यावरून उडण्यास मुभा नाकारल्याने १९३२ मध्ये हा मार्ग आखाताच्या अरबी बाजूला, शारजाकडे, सरकवावा लागला. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा यांनी ‘पस मॉथ’ या एका इंजिनाच्या विमानातून कराचीपर्यंत आलेली टपाल पुढे मुंबईत जुहूला आणली. मध्ये अहमदाबादला इंधन घेण्यासाठी थांबा होता आणि तिथे पेट्रोलचे चार-चार गॅलनचे डबे बैलगाडीतून विमानापाशी आणले गेले.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत मुंबईहून लंडनकडे निघाले आणि आठवड्याचा प्रवास जेमतेम एका अहोरात्रावर आला. १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने दाखल झाली आणि कालांतराने थांबेही उरले नाहीत. आज लंडनला जाताना साडेनऊ-दहा तास लागतात. परतीला बहुधा त्याहून कमी, कारण जेट प्रवाह, म्हणजे बऱ्याच उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारा वारा, येताना पाठीशी असतो.

यंत्राची अडचण अशी बहुतांशी मिटली. परवानगीची मिटलेली नाही. २०२२ पासून युक्रेनचे आकाश युद्धामुळे नागरी विमानांना बंद झाले, तर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमान कंपन्यांना बंद केली. त्यामुळे मुंबईहून लंडनला निघालेल्या भारतीय विमानाला अरबी समुद्रावरून वळून जावे लागले. ब्रिटिश कंपन्यांच्या विमानांना ही बंदी लागू नव्हती.