गुणाकार न येणारी चिप

पॉलिटेक्निकात मी कितीतरी वर्षं मायक्रोप्रोसेसर शिकवला. लॅबमध्ये ८०८५ ची किट होती. खाली हेक्स कीपॅड, वर लाल आकडे. मुलं वहीत प्रोग्रॅम लिहायची, तक्त्यातून एकेका सूचनेचा ओपकोड शोधायची आणि बोटाने बडवायची. २०५० या पत्त्यावरचा आकडा उचलायचा तर आधी ३ए, मग ५०, मग २०. पत्ता उलटा! दर बॅचला कोणीतरी तो सुलटा भरायचंच, आणि किट भलतंच काहीतरी उचलून आणायचं. गुणाकार तर ८०८५ ला येतच नव्हता. पाच सक तीस करायचे तर पाच सहा वेळा मिळवायचे.

म्हणून ८०८६ मधली 'मल' ही तयार सूचना पाहिली की मुलांचे चेहरे खुलायचे. सोळा बिटांच्या गुणाकाराला ती घड्याळाचे ११८ ते १३३ ठोके खाते, हे मी जरा उशिराच सांगायचो. अशा भरगच्च सूचनांचं सिस्क घराणं ते हे. मेमरी महाग, प्रोग्रॅम हाताने लिहायचा. अशा वेळी एका सूचनेत चार कामं उरकत असतील तर कोणाला नको होती?

पुढे लिहिणारा हातच बदलला, कंपायलर आला. अवघड सूचनांच्या वाटेला तो फारसा जाईना. सत्तरच्या दशकात आयबीएमच्या जॉन कॉक यांनी हे हेरून मोजक्या, साध्या सूचनांचं ८०१ हे यंत्र बेतलं. १९८० मध्ये पॅटरसन आणि डिट्झेल या संशोधकांनी व्हॅक्स या संगणकाचा दाखला दिला : ॲरेसाठी मुद्दाम घातलेली 'इंडेक्स' सूचना सोडून तेच काम साध्या सूचनांनी केलं, तर ते ४५ टक्के जलद व्हायचं. या साध्या पंथाला रिस्क हे नाव मिळालं ते बर्कलीत.

माझी लाडकी गोष्ट मात्र केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीच्या पहिल्या एआरएम या रिस्क चिपची. सूचना सोफी विल्सन यांनी ठरवल्या, चिप स्टीव्ह फर्बर यांनी आखली. २६ एप्रिल १९८५ ला ती हातात आली आणि चालली. ट्रान्झिस्टर साधारण २५,०००, म्हणजे ८०८६ पेक्षाही कमी. प्रत्येक सूचना बरोबर चार बाइटांची. मेमरीतून आणणं-ठेवणं एवढ्यापुरत्या वेगळ्या सूचना, बाकी सगळा हिशोब रजिस्टरांत. आणि गुणाकार? नाहीच! आमच्या ८०८५ सारखाच, पण इथे जाणूनबुजून.

चिप स्वस्तातल्या प्लास्टिकच्या वेष्टनात बसावी म्हणून ती फार तापू नये, एवढीच त्यांची अपेक्षा होती. फर्बर यांनी वीज मोजायला ॲमीटर लावला, तर काटा शून्यावर. बोर्डावर चिपला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता! बाकीच्या पिनांवरून येणाऱ्या सिग्नलांतून झिरपेल तेवढ्या विजेवर चिपबाई प्रोग्रॅम चालवत होत्या. आमच्या किटची वायर जरा हलली तरी डिस्प्ले अंधारायचा, त्यामुळे हा किस्सा वर्गाला पटवणं मला नेहमीच जड गेलं.

१९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये ८०८६ वाल्या इंटेलने आपल्या लांबलचक सूचना आतल्या आत रिस्कसारख्या बारीक तुकड्यांत मोडायला घेतल्या. आणि एकॉर्नने? पुढच्याच एआरएम-२ ला गुणाकार शिकवून टाकला होता.