खासगी कोणाची? : खानदेशातला फोन आणि ग्राहकाची गोपनीयता



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका श्रोत्याने विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाने मोबाईलवर काय बोलायचं? प्रश्न बरोबर आहे. आम्हाला मोबाईलमधलं यंत्र कळत नाही. पण त्या यंत्राभोवती जो शब्द फिरतो, 'प्रायव्हसी', त्याचा इतिहास मात्र आमच्या विषयात येतो. आणि तो इतिहास दिल्लीत जेवढा घडला, तेवढाच आपल्या जळगाव-धुळ्याकडेही घडला, हे आज सांगायचं आहे.

आधी शब्द पाहू. आपण 'खासगी' म्हणतो. मूळ अरबी 'खास', फारसीच्या वाटेने मराठीत आलेला. मराठेशाहीत या शब्दाला नेमका अर्थ होता. होळकरांच्या राज्यात 'दौलत' वेगळी आणि 'खासगी' वेगळी. दौलत म्हणजे राज्याचा महसूल. खासगी म्हणजे राजघराण्यातल्या स्त्रियांच्या हाती असलेलं स्वतंत्र उत्पन्न, ज्यात दरबाराने हात घालायचा नाही. म्हणजे खासगी ही थोरामोठ्यांकडे असायची. कुळाला नव्हती, बलुतेदाराला नव्हती. त्याच्या घरात काय शिजलं हे पाटलाला माहीत, सावकाराला माहीत. आमच्याकडे अहिराणीत म्हणतात तसं, बठ्ठा गावले मालूम शे.

हीच स्थिती पुढे टपालात आणि फोनमध्ये उतरली. १८७९ साली पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. गरिबाला परवडलं, पण ते उघडं. पोस्टमन वाचायचा, आणि पुष्कळदा त्यानेच वाचून दाखवावं लागायचं. पाकीट महाग, म्हणून गुपितही महाग.

फोनचं तेच. जळगावहून मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा. ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं आणि वाट बघत बसायचं. लाइन लागली की इतक्या मोठ्याने बोलायचं की ओसरीवरच्या माणसालाही कळावं. ज्यांच्या घरी फोन नव्हता, त्यांच्या लग्नपत्रिकेवर नंबरापुढे 'पी.पी.' छापलेलं असे. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, हाक मारून बोलावणार. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ आले. काचेची खोली आली खरी, पण बाहेरचा माणूस मीटरकडे आणि तुमच्या ओठांकडे बघत उभा. आणि टेलिफोन डिरेक्टरी आठवा. गावातल्या प्रत्येक फोनधारकाचं नाव, पत्ता, नंबर छापील, सर्वांसाठी खुला.

तेव्हा कोणी तक्रार केली नाही. कारण ज्याला आपलं कळे तो ओळखीचा होता, आणि आपल्यालाही त्याचं तेवढंच माहीत होतं. शिवाय त्या माहितीची बेरीज कोणी मांडत नव्हतं. पोस्टमनने वाचलेलं पोस्टकार्ड संध्याकाळपर्यंत तो विसरे.

पण त्या दिवसांचं फार कौतुकही करू नये. आमच्या गल्लीत एक लेक माहेरी फोन करायची, म्हणजे तिच्या सासरच्या शेजाऱ्यांच्या घरातून आमच्या पी.पी. नंबरावर. तिची आई धावत यायची. मुलीला सासरचं दुखणं सांगायचं असायचं. पण तिकडे शेजारीण उभी आणि इकडे आमची सगळी मंडळी. "सगळं बरं आहे" म्हणून फोन ठेवला जायचा. खासगी नसणं म्हणजे काय, हे आम्हाला कांटच्या ग्रंथांआधी त्या दोन मिनिटांच्या फोनने शिकवलं. ज्याला एकांत नाही, त्याला खरं बोलताच येत नाही.

आता कायदा. फोनवर कोणी कान लावायचा, हे आपल्याकडे १८८५च्या इंडियन टेलिग्राफ अॅक्टने ठरवलं. इंग्रजांचा कायदा, सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी संदेश अडवण्याची मुभा सरकारला. स्वातंत्र्यानंतर तो तसाच चालू राहिला. १९८८ साली कर्नाटकात फोन टॅपिंगच्या प्रकरणावरून मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी राजीनामा दिला. मग पीयूसीएल ही नागरी हक्क संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि डिसेंबर १९९६मध्ये न्यायालयाने सांगितलं की घरात किंवा कचेरीत फोनवर निवांत बोलता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. टॅपिंगचा हुकूम गृहसचिवांच्या पातळीवरून निघावा, त्याचा आढावा व्हावा, असे नियम घालून दिले. पण तेव्हाही हा पुढाऱ्यांचा, पत्रकारांचा प्रश्न वाटे. सामान्य माणसाकडे टॅप करायला फोनच नव्हता.

तो आला. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून केंद्रीय मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. पण तो श्रीमंतांचा फोन. आलेल्या कॉललाही पैसे पडत. २००२मध्ये बीएसएनएलची मोबाईल सेवा सुरू झाली, २००३मध्ये येणारे कॉल फुकट झाले, आणि मग मोबाईल रावेर-यावलच्या केळीच्या बागांपर्यंत पोचला. केळीचा भाव व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकण्याऐवजी शेतकरी स्वतः चार ठिकाणी विचारू लागला. पुढे तर विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरलाही सिमकार्ड लागलं. रात्री वीज आली की घरी बसून मोटार सुरू. आणि ती सासुरवाशीण? तिला मागच्या दारी जाऊन आईशी बोलता येऊ लागलं. पहिल्यांदाच तिच्या वाट्याला थोडी खासगी आली. मोबाईलचं हे देणं आम्ही कधीही कमी लेखणार नाही.

पण फोन खिशात आला आणि कागद दुकानात राहिला. सिम घ्यायचं तर फॉर्म, फोटो, रेशनकार्डाची झेरॉक्स. हे सगळं पानटपरीच्या शेजारच्या दुकानात एका पिशवीत पडलेलं असे. बाईचं सिम बहुतेक वेळा नवऱ्याच्या किंवा भावाच्या नावावर. दहा रुपयांच्या रिचार्जसाठी नंबर दुकानदाराच्या वहीत लिहायचा. उत्तर प्रदेशात अशा दुकानांतून मुलींचे नंबर विकले जात असल्याच्या बातम्या २०१७ साली आल्या. वही तर आपल्याकडेही होतीच.

याच काळात कंपन्यांचे आणि बँकांचे नको असलेले फोन सुरू झाले. एक वकील सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २००७मध्ये ट्रायने 'नॅशनल डू नॉट कॉल रजिस्टर' आणलं. त्यातला तर्क पाहा. माझ्या दारावर वाट्टेल त्याने थाप मारू नये, म्हणून आधी मीच अर्ज करायचा. मौन म्हणजे संमती, असं गृहीत धरलं होतं. पुढे २०१० आणि २०१८मध्ये नियम कडक झाले, पण नकार ग्राहकानेच नोंदवायचा हा पाया राहिला.

आता खानदेशाकडे परत येऊ. १९०६ साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. त्यांचेच पुढे जळगाव आणि धुळे झाले. १९९८मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. या नंदुरबारमधल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातलं पहिलं आधार देण्यात आलं. आदिवासी गाव निवडण्यामागचा विचार चांगला होता. ज्याच्याकडे कसलाच कागद नाही, त्याला सरकारदरबारी उभं राहता यावं. ओळख ही गरिबाची गरज आहे, यात शंका नाही.

पण ओळख देणं एक आणि ओळख मागणं दुसरं. फेब्रुवारी २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयात सिमधारकांच्या पडताळणीचा विषय निघाला. लगेच २३ मार्चला दूरसंचार विभागाने परिपत्रक काढलं, की सर्व मोबाईल आधारला जोडा. त्या वर्षी जळगावच्या, धुळ्याच्या दुकानांपुढे लागलेल्या रांगा आपल्याला आठवत असतील. शेतात राबलेल्या म्हाताऱ्यांचे अंगठे यंत्राला उमटत नव्हते, आणि रोज मेसेज येत होते की नंबर बंद होईल. त्याच डिसेंबरमध्ये उघड झालं की सिमच्या पडताळणीसाठी दिलेल्या आधारवर एअरटेलच्या पेमेंट्स बँकेत ग्राहकांची खाती उघडली गेली होती आणि गॅसचं अनुदान तिकडे वळत होतं. आधार प्राधिकरणाने कंपनीचा पडताळणीचा परवाना तात्पुरता थांबवला. एका कामासाठी दिलेला अंगठा दुसऱ्याच कामाला वापरला गेला.

हे चालू असताना दिल्लीत मूळ प्रश्न सुरू होता. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२मध्ये याचिका केली होती. २०१५मध्ये सरकारने भूमिका घेतली की खासगीपणा हा मूलभूत हक्क नाहीच, आणि त्यासाठी १९५४चा आणि साठच्या दशकातला असे दोन जुने निकाल पुढे केले. म्हणजे पुन्हा तेच, की प्रजेला खासगी नसते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, असते. पुढे २६ सप्टेंबर २०१८च्या निकालात सिम आणि आधार जोडण्याचं ते परिपत्रक घटनाबाह्य ठरलं. होळकरांच्या राजस्त्रियांकडे होती ती खासगी, कायद्यापुरती तरी, टेंभलीच्या माणसाला मिळाली.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे १ जुलै २०१८ रोजी जे झालं, ते टाळून या विषयावर बोलणं अप्रामाणिक होईल. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सअॅपवरून फिरत होती. आठवडे बाजाराचा दिवस. सोलापूरकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं.

त्यानंतर प्रश्न आला की अफवेचा पहिला मेसेज कोणी पाठवला ते शोधता यायला नको का? व्हॉट्सअॅपने जुलैतच भारतात एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२१च्या नियमांत सरकारने पहिला पाठवणारा सांगणं मोठ्या कंपन्यांना बंधनकारक केलं. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. तिचं म्हणणं, एकाला शोधायचं तर सर्वांच्या पत्रांवर खूण करावी लागेल.

हा युक्तिवाद आम्हाला सोपा वाटत नाही. ज्यांच्या घरातली माणसं गेली, त्यांनी विचारलं की अफवा कोणी उठवली, तर त्यांना 'प्रायव्हसी' हे उत्तर देता येत नाही. पण राईनपाड्याचं नीट पाहिलं तर दिसतं की तिथे गुप्त काही नव्हतं. मारणारे हात उघडे होते आणि मारहाणीचे व्हिडिओही लोकांनीच काढले. कमी होती ती पोलीस वेळेवर पोचण्याची, आणि "थांबा, आधी विचारू" म्हणणाऱ्या माणसाची. सर्वांची पत्रं फोडून ही कमी भरून निघत नाही.

आणखी एक. ही माणसं भटक्या समाजाची होती. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, नोंदण्या केल्या, हजेऱ्या लावल्या. तो कायदा १९५२मध्ये गेला, पण परक्या माणसाला "तू कोण, कुठला" असं दरडावून विचारायची सवय गेली नाही. ज्याला सगळ्यात आधी ओळख मागितली जाते, त्याच्या शब्दावर सगळ्यात शेवटी विश्वास ठेवला जातो. खासगीपणाचा प्रश्न आम्ही त्याच्या बाजूने पाहतो, तो यासाठी.

"आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" असं पुष्कळ सज्जन विचारतात. आम्हीही विचारत होतो. मग सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर आमच्या नावावर किती मोबाईल आहेत ते पाहिलं. घेतलेले तीन, निघाले पाच. कोणत्या दुकानातली झेरॉक्स कुठे गेली, देव जाणे. ते दोन नंबर आम्ही बंद करवले. त्यावरून कोणी कोणाला फसवलं असतं, तर पोलीस आमच्या दारी आले असते. तेव्हा लपवण्यासारखं काय, हा प्रश्नच चुकीचा आहे. आपली माहिती कोणाकडे, कोणत्या कामासाठी आणि किती दिवस राहावी, हे ठरवणार कोण, असं विचारायला हवं.

२०२३मध्ये दोन कायदे झाले. ऑगस्टमध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा, आणि डिसेंबरमध्ये १८८५च्या कायद्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा. पहिला म्हणतो, संमतीशिवाय माहिती वापरू नका, पण सरकारला त्यात सवलती मोठ्या आहेत. दुसऱ्यात संदेश अडवण्याचा अधिकार कायम आहे आणि ग्राहकाच्या बायोमेट्रिक ओळखीची तरतूदही आहे. म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने जपून ठेवलं.

आपण एवढं तरी करू. ओळखपत्राची झेरॉक्स कुठे द्यावी लागलीच, तर ती कोणत्या कामासाठी आहे ते तिच्यावर लिहून तारीख टाकू. आपल्या नावावरचे नंबर तपासू. घरातल्या बाईचं सिम तिच्याच नावावर घेऊ आणि तिचा फोन हातात घेण्याआधी विचारू. आमच्या गल्लीतल्या त्या लेकीला "सगळं बरं आहे" यापलीकडचं बोलता यावं, म्हणून तर हा सगळा खटाटोप आहे. सरकार आणि कंपनी पुढची गोष्ट. तिच्या दाराबाहेर पहिले आपणच उभे असतो.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.