अलीगढची बिरादरी आणि लोकसेवा

अलीगढ म्हटलं की आपल्याला काळी शेरवानी आणि विद्यापीठ आठवतं. पण तिथल्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या बिरादरीतून कोणकोण लोकसेवेत गेलं, हे आपल्या घरांत फारसं सांगितलं जात नाही.

सर सय्यद अहमद खान यांच्या कॉलेजात १८८४ मध्ये सिडन्स युनियन क्लब सुरू झाला. मुलं तिथे वादविवाद करायला शिकली. १८९० मध्ये साहेबजादा आफताब अहमद खान यांनी साथीदारांसह ‘अंजुमन-अल-फर्ज’ काढली. ‘ड्यूटी’ याच नावाने ती ओळखली जाते. गरीब विद्यार्थ्यांसाठी चंदा गोळा करणं हे तिचं काम. पुढे आफताब साहेब लंडनच्या इंडिया कौन्सिलचे सदस्य झाले, नंतर अलीगढचे कुलगुरू. अलीगढमध्ये अंधांसाठी शाळाही त्यांनीच काढली.

मौलाना हसरत मोहानी इथलेच. १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसमध्ये त्यांनी पूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मांडला. तो तेव्हा मंजूर झाला नाही. काँग्रेसने तेच ध्येय १९२९ मध्ये स्वीकारलं. मौलाना पुढे संविधान सभेचे सदस्य झाले. रफी अहमद किदवई स्वतंत्र भारताचे पहिले दळणवळण मंत्री, नंतर अन्नमंत्री झाले.

या बिरादरीत एकमत नेहमीच होतं असं नाही. १९२० मध्ये असहकाराच्या हाकेवर झाकिर हुसेन आणि त्यांचे साथी कॉलेज सोडून बाहेर पडले आणि जामिया मिल्लिया उभी राहिली. बाकीचे तिथेच राहिले. फाळणीनंतर अलीगढवर संशयाची नजर होती. त्या कठीण काळात, १९४८ मध्ये, तेच झाकिर साहेब कुलगुरू म्हणून परतले आणि त्यांनी ती संस्था सावरली. पुढे ते बिहारचे राज्यपाल, उपराष्ट्रपती आणि १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले. मतभेद झाले तरी नातं तोडायचं नसतं, हे यातून दिसतं.

आज आपली मुलं कॉलेजात जातात, गटही करतात. त्या गटाने वर्गातल्या एका गरजू मुलाची फी जमवली, पै-पैचा हिशेब सर्वांसमोर ठेवला, तर सार्वजनिक कामाचा पहिला धडा तिथेच मिळतो. खुर्ची मिळो न मिळो, खिदमतीची सवय तर लागेल. सुरुवात आपल्याच मोहल्ल्यातून करू या.