यति : चरणातला विसावा

'यति' म्हटले की घरातल्या वडीलधाऱ्यांना छाटी-कमंडलूवाला संन्यासी आठवतो. छंदःशास्त्रातला यति निराळा. तो 'यम्' म्हणजे आवरणे, ह्या धातूपासून आला. चरण म्हणताना ठरावीक अक्षरापाशी जे थांबायचे, त्याचे हे नाव. पिंगलाने त्याला सरळ 'विच्छेद' म्हटले आहे.

जुन्या शास्त्र्यांची मोजण्याची रीत मला फार आवडते. आकडा म्हणून सांगायचा नाही! समुद्र म्हणजे चार, रस सहा, पर्वत सात, रुद्र अकरा, सूर्य बारा. शार्दूलविक्रीडिताच्या १९ अक्षरांत यति कुठे? तर सूर्य आणि अश्व, म्हणजे १२ आणि ७. शिखरिणीत रस आणि रुद्र. 'मेघदूता'च्या मंदाक्रांतेत ४, ६, ७. तिथे आरंभीची चार गुरू अक्षरे जड पावलांनी चालतात, क्षणभर थांबतात, मग पाच लघू एकदम धावत सुटतात. हा थांबा काढा, म्हणजे त्या धावण्यातली गंमतच गेली.

तरी यति हवाच, असे सर्वांचे मत नव्हते. अपभ्रंश कवी स्वयंभू ह्याने आपल्या छंदोग्रंथात दोन्ही तट नोंदवून ठेवले आहेत. पिंगल आणि जयदेव (हे 'गीतगोविंद'कार नव्हेत, छंदःशास्त्रकार) यति मानणारे. भरत, काश्यप, सैतव, मांडव्य न मानणारे. दंडीने मात्र 'यतिभ्रष्ट' हा काव्यदोषांत घातला. शब्दाच्या पोटातच विसावा आला की कविता अडखळते, हे त्याच्या कानाला खुपले असावे.

व्याकरणाच्या तासाला मुले यतीचे आकडे बिनचूक पाठ म्हणतात. कविता मात्र मनातल्या मनात वाचतात. म्हणून मी फळ्यावर माझीच एक ओबडधोबड ओळ लिहिली :

येथे रत्नागिरिहुनि कुणी पाहुणे आज आले

गण मोजले, बरोबर. अक्षरे १७, बरोबर. मग म्हटले, आता यति सांभाळून मोठ्याने म्हणा. 'येथे रत्ना—' म्हणून सारा वर्ग थांबला आणि हशा पिकला. 'गुरुजी, ही रत्ना कोण?' मागच्या बाकावरून प्रश्न आला. यतिभंगाची ह्याहून चांगली व्याख्या मला कुठल्या पुस्तकात मिळायची?

एक कबूल केले पाहिजे. पिंगलाचा टीकाकार हलायुध ही ओळ सोडून देईल. समासातले पद संपते तिथे यति त्याला चालतो. फार काय, तुटलेले दोन्ही तुकडे एकाक्षरी नसले तर क्वचित शब्दाच्या मध्यावरही चालतो. 'रत्ना' दोन अक्षरांची, 'गिरिहुनि' चार. पोथीप्रमाणे मी निर्दोष! पण हलायुधाला आमचा वर्ग ऐकायला मिळाला नव्हता. माझे मत मुलांच्या बाजूने पडते, आणि ती ओळ मी फळ्यावरून पुसून टाकली.