गोव्यातील लोहखाणी व पर्यावरणीय कायदे
केंद्रीय कायद्यांतील बदलांमुळे एका लहान राज्याच्या अर्थव्यवस्थेत झालेल्या उलथापालथीचे भारतातील एक ठळक उदाहरण. गोव्याचे क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौ. किमी. असून तेथील लोहधातुकाचे (लोखंडाच्या कच्च्या धातूचे) साठे मुख्यतः डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे व केपे ह्या पूर्वेकडील तालुक्यांत आढळतात.

पोर्तुगीज अमदानीत खाणींच्या सवलती कायमस्वरूपी दिल्या जात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी पोलाद कारखान्यांची मागणी वाढली आणि हा व्यवसाय भरभराटीस आला. खाणीपासून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत मालमोटारी आणि तेथून मांडवी वा जुवारीतून मुरगाव बंदरापर्यंत बार्ज, अशी वाहतुकीची साखळी उभी राहिली. खाणमालक मोजकेच होते. ह्या साखळीवर पोट भरणारी कुटुंबे मात्र हजारोंनी होती. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, तरी ह्या सवलतींचे खाणपट्ट्यांत रूपांतर करणारा केंद्रीय अधिनियम १९८७ मध्येच झाला.

तोपर्यंत पर्यावरणविषयक कायद्यांची चौकटही बदलली होती. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वने हा विषय समवर्ती सूचीत गेला. १९८० च्या वनसंवर्धन अधिनियमाने वनजमिनीच्या अन्य वापरास केंद्राची पूर्वसंमती आवश्यक झाली. १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखाली १९९४ व २००६ मध्ये निघालेल्या अधिसूचनांनी मोठ्या खाणींना पर्यावरणीय परवानगी बंधनकारक केली. कागदोपत्री खाणी अशा प्रकारे कायद्याच्या कक्षेत आल्या. प्रत्यक्षात अंमलबजावणी फार सैल राहिली.

गोव्याचे धातुक कमी प्रतीचे. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी चीनमधून त्यालाही मोठी मागणी आली आणि २०१०-११ मध्ये गोव्यातील बंदरांतून झालेली निर्यात ५ कोटी टनांवर गेली. तीत शेजारच्या राज्यातील काही माल होता. उघड्या खाणीत एक टन धातुकामागे सु. अडीच ते तीन टन माती व दगड निघतो. त्यांचे डोंगर खाणपट्ट्याबाहेरही रचले गेले. पावसाळ्यात त्यांतील गाळ ओढ्यांत व भातशेतीत उतरला, विहिरींचे पाणी आटले. ह्या नुकसानीची नोंद राज्याच्या उत्पन्नाच्या आकडेवारीत कोठेही होत नव्हती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

न्यायमूर्ती एम. बी. शाह आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेपुढे आला. बेकायदेशीर खाणकामामुळे झालेला तोटा आयोगाने सु. ३५ हजार कोटी रु. धरला होता, हा आकडा पुढे वादग्रस्त ठरला. राज्य शासनाने त्याच महिन्यात खाणी थांबविल्या, केंद्राने पर्यावरणीय परवानग्या स्थगित केल्या आणि गोवा फाउंडेशन ह्या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये खाणकामावर बंदी घातली. अनेक वर्षे न झालेली अंमलबजावणी अशी काही आठवड्यांत झाली. तिचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. मालमोटारी व बार्ज कर्ज काढून घेतलेल्यांचे हप्ते थांबले नाहीत. गॅरेज, खानावळी व भाड्याच्या खोल्या ओस पडल्या. शासनाला स्वामित्वशुल्क गमवावे लागले आणि वर अर्थसाहाय्याच्या योजनाही आखाव्या लागल्या. किनाऱ्यावरील पर्यटन चालू असल्याने राज्य तगले. पण डिचोली वा सांगे येथील मालमोटारवाल्यास कळंगुटच्या हॉटेलांचा फारसा उपयोग नव्हता.

एप्रिल २०१४ च्या निर्णयात न्यायालयाने खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपल्याचे ठरविले, वार्षिक उत्पादनास २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेच्या दहा टक्के भाग भावी पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्यास सांगितले. त्यानंतर राज्याने ८८ पट्ट्यांचे केलेले नूतनीकरण ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द झाले. नवे पट्टे व नव्या पर्यावरणीय परवानग्या आवश्यक ठरल्या आणि मार्चमध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या. डिसेंबर २०२२ मध्ये पट्ट्यांचा पहिला लिलाव झाला आणि २०२४ मध्ये डिचोलीत उत्खननास पुन्हा प्रारंभ झाला.