शांतिरक्षण व युद्धेतर सेवेची लष्करी पदके : ‘शत्रूसमोर’ या अटीचा अर्थ

प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिनाच्या पूर्वसंध्येला सेनादलांच्या शौर्य पुरस्कारांची यादी प्रसिद्ध होते. या पुरस्कारांच्या दोन समांतर श्रेणी आहेत. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही एक. अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र ही दुसरी. पहिली युद्धकाळासाठी आणि दुसरी शांतताकाळासाठी, असे स्थूलमानाने सांगितले जाते. वस्तुतः दोहोंमधील सीमारेषा काळाची नसून एका अटीची आहे. पराक्रम शत्रूसमोर घडला असेल तर पहिली श्रेणी, अन्यथा दुसरी. परदेशात शांतिसेनेचा भाग म्हणून गेलेल्या सैनिकाच्या बाबतीत ही अट लावणे मात्र सोपे राहिलेले नाही.

परमवीर चक्रासह युद्धकालीन तिन्ही चक्रांची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली आणि ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू करण्यात आली. दुसरी श्रेणी ४ जानेवारी १९५२ रोजी अशोक चक्र प्रथम, द्वितीय व तृतीय वर्ग या नावांनी अस्तित्वात आली. १९६७ मध्ये या तीन वर्गांना अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र ही आजची नावे मिळाली. देशांतर्गत दहशतवादविरोधी कारवाईतील शौर्याचा विचार साधारणतः याच श्रेणीत होतो. ती नागरिकांनाही खुली आहे.

बंदुकीचा संबंधच नसलेली साहसेही या श्रेणीत बसली आहेत. स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा यांना अंतराळप्रवासाबद्दल अशोक चक्र मिळाले, तेही १९८४ च्या त्या मोहिमेतील दोन सोव्हिएत सहकाऱ्यांसह. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे पहिले भारतीय, नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे, शौर्य चक्राचे मानकरी ठरले. त्याच नौकेतून कोठेही न थांबता प्रदक्षिणा करणारे अभिलाष टॉमी यांना कीर्ती चक्र देण्यात आले.

संयुक्त राष्ट्रांची पदके निराळ्या तत्त्वावर दिली जातात. तेथे मोजला जातो तो कालावधी. बहुतेक मोहिमांत ९० दिवसांची सेवा पूर्ण करणारा प्रत्येक शांतिरक्षक मोहिमेच्या पदकास पात्र ठरतो. कांस्य पदकाच्या दर्शनी बाजूस संघटनेचे बोधचिन्ह असते, तर मागील बाजूस ‘शांततेच्या सेवेत’ या अर्थाचे शब्द. पदक बहुतांशी तेच राहते, मोहिमेगणिक बदलते ती फीत. रुग्णालयातील परिचारक, पाण्याचा टँकर चालवणारा जवान आणि गोळीबारात सापडलेली गस्ती तुकडी या सर्वांच्या छातीवर एकच पदक येते. या समानतेत एक प्रकारचा न्याय आहे, पण शौर्याची वेगळी नोंद तीत होत नाही.

ती उणीव संयुक्त राष्ट्रांनी बऱ्याच उशिरा भरून काढली. कर्तव्यावर असताना प्राण गमावणाऱ्यांसाठी डाग हॅमरशील्ड पदक १९९७ मध्ये सुरक्षा परिषदेच्या ठरावाने सुरू झाले. हॅमरशील्ड हे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस. काँगोच्या प्रश्नात मध्यस्थी करताना सप्टेंबर १९६१ मध्ये विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. हे पदक धातूचे नसून स्फटिककाचेचे आहे. छातीवर लावण्यासाठी ते नाहीच, ते कुटुंबीयांच्या हाती दिले जाते. असाधारण धैर्यासाठीचे पहिले पदक त्यानंतरही १७ वर्षांनी, २०१४ मध्ये आले. १९९४ च्या रवांडातील नरसंहारात अनेकांचे प्राण वाचवताना मारले गेलेले सेनेगलचे कॅप्टन म्बाय द्यान यांचे नाव त्याला देण्यात आले. तोपर्यंत निळ्या शिरस्त्राणाखाली गाजवलेल्या शौर्याची दखल घेण्याची जबाबदारी ज्याच्या-त्याच्या देशावर होती. भारताने ती घेतली, तेव्हा प्रत्येक वेळी ‘शत्रू’ या शब्दाचा अर्थ नव्याने लावावा लागला.

कोरियातील उदाहरण सर्वांत बोलके आहे. भारताने १९५० मध्ये त्या युद्धात लढाऊ तुकडी पाठवली नाही. पाठवले ते ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक. मार्च १९५१ मध्ये मुनसान येथे अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर या पथकातील बारा जणांनी उडी घेतली आणि जखमींवर जागीच उपचार केले. पथकाचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांना महावीर चक्र मिळाले. युद्ध चालू होते, त्यामुळे वैद्यकीय सेवा हेच ज्यांचे काम, त्यांच्या गौरवासाठीही युद्धकालीन श्रेणी योग्य ठरली.

जुलै १९५३ मध्ये शस्त्रसंधी झाली. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या सुमारे २२ हजार युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी भारताने कस्टोडियन फोर्स पाठवले. त्याचे सेनापती होते कोल्हापूर जिल्ह्यातील वडगावचे मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. दक्षिण कोरियाने आपल्या भूमीवर भारतीय सैनिकांना पाऊल ठेवू देण्यास नकार दिला होता. परिणामी जहाजांवरून हेलिकॉप्टरने त्यांना थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. छावण्यांतील कैदी संघटित आणि प्रक्षुब्ध होते. एका भारतीय अधिकाऱ्याला त्यांनी कुंपणाच्या आत ओढून नेले, तेव्हा थोरात स्वतः कैद्यांच्या घोळक्यात शिरले आणि त्याला सोडवून आणले. जमावावर गोळ्या झाडून हा प्रसंग निभावता आला नसता. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर डीएसओ मिळवलेल्या या सेनानीला येथे अशोक चक्र द्वितीय वर्ग, म्हणजे आजचे कीर्ती चक्र, देण्यात आले. एकाच द्वीपकल्पात शस्त्रसंधीपूर्वी डॉक्टरला युद्धाचे पदक मिळाले आणि शस्त्रसंधीनंतर पायदळाच्या सेनापतीला शांततेचे. नियमानुसार दोन्ही निर्णय बिनचूक होते.

काँगोत हा निकष ताणला गेला. ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिल येथे कटांगाच्या सशस्त्र दलाने उभारलेला रस्त्यावरील अडथळा दूर करण्यासाठी कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया सोळा गुरखा सैनिकांसह पुढे सरसावले. समोर सुमारे ९० जण होते. संगिनी, खुकरी आणि हातबॉम्बने झालेल्या या लढ्यात मानेला गोळी लागूनही सलारिया लढत राहिले. त्यांचा मृत्यू झाला, पण अडथळा हटला. भारताचे कटांगाशी युद्ध नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकाला तत्त्वतः शत्रूच नसतो. तरीही सलारियांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमेतील सेवेबद्दल हा सन्मान मिळालेले ते एकमेव, तसेच राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या माजी छात्रांपैकी परमवीर चक्र मिळवणारे पहिले. निर्णय शब्दार्थाने पाहिल्यास वादाचा ठरू शकेल. प्रस्तुत लेखकाच्या मते तो योग्यच होता. समोरून होणारा मारा युद्ध जाहीर झाले आहे की नाही, हे विचारून होत नसतो.

श्रीलंकेतील भारतीय शांतिसेना (१९८७-९०) संयुक्त राष्ट्रांची नव्हती, द्विपक्षीय कराराने गेलेली होती. तिच्या नावात शांती असली तरी तिचे सुमारे बाराशे जवान तेथे कामी आले. मुंबईत जन्मलेले, ८ महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना २५ नोव्हेंबर १९८७ च्या चकमकीतील पराक्रमाबद्दल मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

शौर्याखेरीज सेवेची पदकेही आहेत. परम विशिष्ट, अति विशिष्ट आणि विशिष्ट सेवा पदके १९६० पासून दिली जातात. त्याच वर्षी स्थापन झालेले सैन्य सेवा पदक खडतर हवामानातील सेवेसाठी, तर विदेश सेवा पदक परदेशातील सेवेसाठी आहे. नंतर उच्च तुंगता आणि सियाचिनची पदके आली. सेना पदक शौर्य आणि विशिष्ट सेवा अशा दोन्ही कारणांसाठी दिले जात असल्याने त्याच्या नावापुढील कंसातील शब्द वाचल्याशिवाय कारण कळत नाही. मानक्रमात परम विशिष्ट सेवा पदक महावीर चक्राच्या आधी येते, ही बाब अनेकांना खटकते. ज्येष्ठ अधिकाऱ्यांच्या प्रदीर्घ सेवेचे पदक रणांगणावरील पराक्रमाच्या पदकाआधी का, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळणे अवघड आहे.

संयुक्त राष्ट्रांची पदके भारतीय गणवेशावर सर्व भारतीय पदकांनंतर लावली जातात. काँगोत सेवा केलेल्या जवानाच्या पदकमालेत विदेश सेवा पदक आधी असते आणि संयुक्त राष्ट्रांचे काँगो पदक अगदी टोकाला, डाव्या खांद्याच्या बाजूस.