भिंत पायातून खचते

पावसाळा संपल्यावर मूल परिसरातल्या एखाद्या खेड्यातली मातीची जुनी भिंत निरखून पहा. वरचा भाग बहुधा शाबूत असतो. झिजलेला असतो तो पायथा. असे का होते?

कवेलूंवरून गळणाऱ्या पागोळ्या जमिनीवर आपटतात आणि त्यांचे शिंतोडे भिंतीची माती धुऊन नेतात. शिवाय जमिनीतली ओल केशाकर्षणाने भिंतीत वर चढते. पाणी वाफ होऊन उडून जाते, मागे राहिलेल्या क्षारांचे स्फटिक बनतात आणि माती भुसभुशीत होते. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो.

ग्रीसमधल्या मँटिनिया शहराचा तट कच्च्या विटांचा होता. गावातून एक नदी वाहत होती. इ.स.पू. ३८५ मध्ये स्पार्टाच्या राजाने, अगेसिपोलिसने, ती गावाबाहेर पडते तिथे अडवली. पाणी तुंबून तटाला भिडले. तळच्या विटा भिजल्या, त्यांना वरचे वजन पेलेना. तट कलला आणि शहर शरण आले. पुढे सुमारे १५ वर्षांनी तट पुन्हा उभारला, तेव्हा तळाशी दगडी पाया आला, वर कच्च्या विटा आणि नदी तटाबाहेरून वळवलेली.

आपल्याकडे वैनगंगेपलीकडे मार्कंडा येथे दगडी देवळे आहेत. तिथेही भिंत जमिनीतून थेट उगवत नाही. ती उंच पीठावर उभी आहे. पीठाचे पुढे आलेले थर नक्षीइतकेच, भिंतीवरून ओघळणारे पाणी बाहेर टाकण्याच्याही उपयोगी पडतात.

आपल्या आजोबांच्या घरातही हेच शहाणपण होते: दगडी जोते, पुढे आलेले छप्पर आणि दरवर्षीचे शेणामातीचे लिंपण. पाऊस लिंपण खातो, भिंत वाचते.

हे शहाणपण नकळत मोडते, याची आम्हाला काळजी वाटते. रस्त्यावर थरावर थर चढतात आणि जोते जमिनीत जाते. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडू शकत नाही, ती आणखी वर चढते. मग एखाद्या झडीत भिंत बसते, कधी झोपलेल्या माणसांवर.

विद्यार्थ्यांना टेप देऊन गावातल्या १० घरांच्या जोत्याची रस्त्यापासूनची उंची आणि भिंतीवरच्या ओलीची उंची मोजायला सांगा. दोन्ही आकडे शेजारी मांडले की कोणत्या भिंतीकडे आधी लक्ष द्यायला हवे, ते मुलेच सांगतील.